स्वतःचा मेल सर्व्हर: लेखकांचे मराठी मेल जंकमध्ये आणि खरा स्पॅम इनबॉक्समध्ये, फिल्टर कसा बसवायचा?

प्रेसवाला_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. एका छोट्या प्रकाशन संस्थेचा मेल सर्व्हर मी बघतो. भाड्याचा व्हीपीएस (आभासी सर्व्हर) आहे, त्यावर डेबियन १२, मेल घेणारा-पाठवणारा पोस्टफिक्स, मेलबॉक्स सांभाळणारा डोव्हकॉट आणि मेलना स्पॅमचे गुण देणारा स्पॅमअसॅसिन ४, तो मिल्टरने, म्हणजे मेल येतानाच तपासणाऱ्या दुव्याने, जोडलेला. मेलबॉक्स थोडेच आहेत, संपादक, हिशेब, वितरण असे. वर्षभर ठीक चालतं पण दिवाळी अंकाचं साहित्य यायला लागलं की माझी झोप उडते, कारण लेखकांचे मेल जंकमध्ये जाऊन पडतात आणि संपादकांना पत्ताच नसतो, आणि तिकडे "तुमचा मेलबॉक्स भरला आहे, इथे क्लिक करा" छापाचे मेल मात्र आरामात इनबॉक्समध्ये.

स्पॅम वाढला म्हणून मधे मी स्पॅम ठरवायच्या गुणांची मर्यादा ५ वरून ४ वर आणली होती, तर चांगले मेल अजूनच अडकायला लागले. आता काही जण म्हणतायत सरळ ८ कर. पण मग हिशेबवाल्या बाईंना खोटी बिलं येतील आणि त्या घाबरून उघडतील.

काल अडकलेल्या एका मेलचा हेडर देतो. सांगलीकडचे एक ज्येष्ठ लेखक आहेत, जीमेलवरून कथा पाठवलेली, सब्जेक्ट रिकामा, चार ओळींचं मराठी पत्र आणि सोबत फाइल:

स्कोअर ५.५, मर्यादा ४.०
बेझ_५० = ०.८
अनवाँटेड_लँग्वेज_बॉडी = २.८
मिसिंग_सब्जेक्ट = १.८
फ्रीमेल_एनव्हफ्रॉम_एंड_डिजिट = ०.२५
यूआरआयबीएल_ब्लॉक्ड = ०.००१
डीकेआयएम_व्हॅलिड = -०.१
बाकीचे सगळे शून्याच्या आसपास

मर्यादा किती ठेवू ते सांगा. आणि लेखकांना "सब्जेक्ट लिहा" असं सांगून उपयोग नाही, त्यातले निम्मे पंच्याहत्तरीच्या पुढचे आहेत, त्यांनी टाइप करून पाठवलं हेच खूप आहे.

---

मेलमास्तर

दादा, मर्यादा परत ५ करा आणि तिला आता हातच लावू नका. स्पॅमअसॅसिनचे सगळे गुण ५ ही मर्यादा धरूनच ठरवलेले असतात, ती हलवली की एकेका नियमाचं वजन बिघडतं. तुमचा प्रॉब्लेम मर्यादेचा नाहीच, तो तुम्हीच दिलेल्या हेडरमध्ये लिहिलेला आहे आणि नेमका ज्या ओळीला ०.००१ गुण आहेत तिथे आहे. यूआरआयबीएल_ब्लॉक्ड.

याचा अर्थ मेलमधल्या लिंक्स काळ्या यादीत आहेत का हे विचारायला तुमचा सर्व्हर गेला आणि यादीवाल्यांनी उत्तर द्यायला नकार दिला. हे होतं कारण व्हीपीएसमध्ये रिझॉल्व्हर, म्हणजे डीएनएसमधून नावांचे पत्ते शोधून देणारा सर्व्हर, म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ असतो. त्या एका रिझॉल्व्हरच्या मागे लाखो सर्व्हर असतात, त्यामुळे यादीवाल्यांना तुमचा सर्व्हर वेगळा दिसतच नाही, एकाच ठिकाणाहून प्रचंड विचारणा येतेय एवढंच दिसतं, म्हणून ते ती बंद करतात. म्हंजे तुमचा फिल्टर यादी न बघताच निकाल देतोय. फिशिंगचे मेल आत येण्याचं निम्मं कारण हेच, कारण त्यांची भाषा साधी असते, पकडायला हातात असते ती फक्त लिंक.

उपाय सोपा आहे, त्याच मशीनवर अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर टाका आणि रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये १२७.०.०.१ द्या. पण अनबाउंडमध्ये पुन्हा ८.८.८.८ ला फॉरवर्ड करू नका, बरेच जण तेच करतात आणि मग काहीच बदललं नाही म्हणून ओरडतात. त्याने स्वतः डीएनएसच्या रूटपासून विचारत जायला हवं. होस्टिंगवाल्याचा रिझॉल्व्हरसुद्धा नको, तोही शेकडो गिऱ्हाइकांचा सामायिकच असतो.

तपासायला २.०.०.१२७.झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग हे नाव डिग कमांडने विचारून बघा (झेन ही स्पॅमहाउसची स्पॅमवाल्या आयपींची काळी यादी). हा चाचणीचा पत्ता आहे, सगळं ठीक असेल तर १२७.०.०.२ सारखी उत्तरं येतात. १२७.२५५.२५५.२५४ आलं तर समजा की तुम्ही अजून सार्वजनिक रिझॉल्व्हरवरूनच विचारताय.

आणि हे फार महत्त्वाचं, पोस्टफिक्समध्ये आरबीएलची, म्हणजे काळ्या यादीची, ओळ असेल तर ती नुसती झेनचं नाव लिहून ठेवू नका, बरोबरीचं चिन्ह टाकून पुढे १२७.०.०.[२..११] असा पल्ला द्या. नाहीतर ते "तुम्हाला उत्तर देणार नाही" वालं २५४ चं उत्तरसुद्धा पोस्टफिक्स "यादीत सापडला" असंच समजतो आणि जगातला प्रत्येक मेल दारातूनच परत पाठवतो.

स्पॅमहाउसचा फुकट वापर बिनव्यापारी आणि कमी ट्रॅफिकवाल्यांसाठी आहे. तुमची प्रकाशन संस्था आहे, तेव्हा त्यांच्या अटी वाचून घ्या, ते नोंदणी करून स्वतःची की देतात ती जास्त भरवशाची.

---

गौरी_लिनक्स

मास्तरांचं डीएनएसबद्दल शंभर टक्के बरोबर, पण त्याने स्पॅम पकडला जाईल, लेखकांचे मेल सुटणार नाहीत. तिथे खरा घोळ २.८ वाल्या ओळीत आहे. अनवाँटेड_लँग्वेज_बॉडी हा नियम आपोआप लागत नाही, भाषा ओळखणारं टेक्स्टकॅट प्लगइन मूळात बंद असतं. कोणीतरी ते चालू करून ओके_लँग्वेजेसमध्ये फक्त इंग्रजी ठेवलंय. म्हणजे मराठी प्रकाशन संस्थेच्या सर्व्हरला सांगून ठेवलंय की मराठी ही नको असलेली भाषा!! लोकल.सीएफ ही सेटिंगची फाइल उघडा आणि त्या ओळीत एमआर, एचआय, एसए, एनई, ईएन हे कोड टाका. नेपाळी आणि संस्कृत यासाठी की लिपी एकच आहे आणि प्लगइन अक्षरांच्या जोड्या बघून अंदाज बांधतं, मोरोपंतांची आर्या उद्धृत केलेला लेख आला तर त्याला काय वाटेल सांगता येत नाही. एवढं केलं की तुमचा हा मेल ५.५ वरून २.७ वर येतो आणि बाकी कशालाही हात न लावता इनबॉक्समध्ये जातो.

आता बेझ_५०. याचा अर्थ बायेशियन, म्हणजे जुन्या मेलवरून शिकणारा, फिल्टर म्हणतोय मला माहीत नाही, पन्नास पन्नास. त्याला मराठी शिकवलेलंच नाही. लक्षात घ्या, ऑटोलर्नमध्ये मेल चांगला म्हणून आपोआप शिकला जातो तो ०.१ च्या खाली गुण असेल तरच, आणि स्पॅम म्हणून शिकला जातो तो १२ च्या वर गेला तर. लेखकांचे मेल रिकाम्या सब्जेक्टसारखे दंड भरून येतायत, ते ०.१ च्या खाली जाणार कधी? म्हणजे फिल्टर चांगला मेल म्हणून शिकला ते सगळं इंग्रजी, बँकेचे अलर्ट, कागदवाल्यांची कोटेशन्स, न्यूजलेटर. "सस्नेह नमस्कार, सोबत कथा जोडत आहे" हे त्याने चांगल्या खात्यात कधी बघितलंच नाही.

तेव्हा हाताने शिकवा. संपादकांच्या इनबॉक्समधले मागच्या वर्षीचे लेखकांचे मेल वेगळ्या फोल्डरमध्ये काढा, सगळे खरे आहेत याची खात्री करा आणि एसए-लर्न या शिकवायच्या कमांडला हॅम, म्हणजे चांगला मेल, म्हणून द्या. तसाच जंक चाळून स्पॅम द्या. दोन्ही बाजूंनी निदान २०० मेल झाल्याशिवाय बायेशियन निकाल देतच नाही. फक्त स्पॅमचं पोतं ओतू नका, दोन्हीकडे साधारण सारखं असू दे.

आणि शिकवताना कमांड रूट म्हणून चालवू नका. सर्व्हिस ज्या युजरखाली चालते, त्याच युजरने चालवा. नाहीतर सगळं शिक्षण रूटच्या घरात जाऊन बसतं आणि फिल्टर आहे तसाच अडाणी. एसए-लर्न डंप मॅजिक दिलं की किती स्पॅम आणि किती हॅम शिकलाय ते आकडे दिसतात, ते वाढतायत का बघा.

---

अभय_नाशिक

एवढं सगळं करण्यापेक्षा ग्रेलिस्टिंग लावा ना. अनोळखी सर्व्हरला पहिल्यांदा ४५१, म्हणजे "नंतर या", द्या, खरा सर्व्हर पाच मिनिटांनी परत येतो, स्पॅमवाला येत नाही. आमच्याकडे पूर्वी यानेच निम्म्याहून जास्त घाण गेली होती. शिवाय .टॉप, .एक्सवायझेड असल्या डोमेनवरून येणारं सगळं सरळ डिस्कार्ड करा, तिथून कामाचं कोणी लिहीत नाही.

---

मेलमास्तर

अभयराव, ग्रेलिस्टिंग २००३ च्या सुमाराला आलं तेव्हा खूप चालायचं. आता अडचण अशी की मोठ्या मेल कंपन्या दुसऱ्यांदा प्रयत्न करतात तो वेगळ्याच आयपीवरून, मग तुमचा सर्व्हर त्यालाही नवीन समजून परत पाठवतो आणि मेल तासन्‌तास लटकतो. हिशेबवाल्या ताई जीएसटी पोर्टलवर ओटीपीची वाट बघत बसतील, ओटीपी येईल तेव्हा त्याची मुदत संपलेली. ज्याला हवंच आहे त्याने सरसकट न लावता फक्त संशयास्पद गुण असलेल्या मेलना लावावं. आरस्पॅमडी हा दुसरा स्पॅम फिल्टर तसंच करतो, मूळ सेटिंगमध्ये ४ गुणांच्या वर गेलं तरच ग्रेलिस्ट, ६ ला स्पॅमचा हेडर आणि १५ ला नकार.

त्यापेक्षा पोस्टफिक्समधलं पोस्टस्क्रीन चालू करा. कनेक्शन आल्यावर ते सहा सेकंद थांबून मग स्वागताची ओळ पूर्ण करतं. नियमाने वागणारा सर्व्हर गप्प थांबतो, स्पॅम ओतणारे बॉट मात्र पंगतीत वाढायच्या आधीच हात घालणाऱ्यांसारखे बडबड सुरू करतात आणि तिथेच पकडले जातात, तुमच्या स्पॅमअसॅसिनपर्यंत पोचतच नाहीत. त्यातल्या खोलवरच्या प्रोटोकॉल चाचण्या मात्र बंदच राहू द्या, त्या लावल्या की नवीन सर्व्हरला एकदा परत यावं लागतं, म्हणजे पुन्हा ग्रेलिस्टिंगच.

डिस्कार्डला माझा ठाम विरोध. डिस्कार्ड म्हणजे पाठवणाऱ्याला "मिळाला" सांगायचं आणि मेल कचऱ्यात टाकायचा. एखाद्या लेखकाने महिनाभर खपून लिहिलेली कथा अशी गेली तर त्याला वाटणार संपादकांनी साधं उत्तरसुद्धा दिलं नाही, आणि संपादकांना वाटणार त्याने पाठवलीच नाही. दोन माणसांतला संबंध बिघडतो आणि कारण कोणालाच कळत नाही. मेल नाकारायचाच असेल तर एसएमटीपीचं, म्हणजे दोन मेल सर्व्हरमधलं, संभाषण चालू असतानाच ५५० देऊन नाकारा, म्हणजे पलीकडचा सर्व्हर पाठवणाऱ्याला लगेच कळवतो आणि तो फोन तरी करतो. मिल्टर वापरताय तेव्हा हे जमतं. १५ च्या वर नकार, ५ ते १५ जंकमध्ये, तिसरी वाट नको. नुसत्या डोमेनच्या शेपटीवरून तर अजिबात नको, हवं तर त्या शेपटीला एक दीड गुण द्या.

---

डिजिटल_सांगलीकर

एक मुद्दा राहिला. आरबीएलची यादी जुन्या गाईडवरून उचलली असेल तर त्यातली नावं एकेक तपासा. सॉर्ब्स जून २०२४ मध्ये बंद झाली, तरी अजून लोकांच्या कॉन्फिगमध्ये दिसते. मेलेली यादी कधी नुसता टाइमआउट देते आणि मेल हळू होतो, तर कधी डोमेन दुसऱ्याच्या हातात जाऊन सगळ्यालाच "यादीत आहे" म्हणते. आपल्याला एक झेन आणि लिंकसाठी एखादी यादी पुरते.

आणि ५८७ पोर्टवर, म्हणजे तुमची माणसं लॉगिन करून पाठवतात तिथे, झेन लावू नका. त्यात पीबीएल, म्हणजे जिथून थेट मेल येऊ नये अशा आयपींची यादी, असते, घरगुती ब्रॉडबँडचे आयपी त्यात असतातच आणि असायलाच हवेत. संपादक घरून पाठवायला जातील आणि स्वतःच्याच सर्व्हरकडून नकार खातील.

---

प्रेसवाला_कोल्हापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. अनबाउंड टाकलं, चाचणीला आता १२७.०.०.२ येतंय, झेनच्या ओळीला पल्ला दिला, भाषांचे कोड टाकले. फरक लगेच जाणवतोय, "मेलबॉक्स भरला" वाले बहुतेक सगळे जंकमध्ये जातायत आणि तिथे यूआरआयबीएलचे गुण दिसतायत. बायेशियनला मागच्या दोन अंकांचे मेल शिकवतोय. टेक्स्टकॅट आधीच्या माणसाने रशियन आणि चिनी स्पॅमसाठी लावलं होतं असं कळलं.

पण एक गट अजून अडकतोय. आमच्या वेबसाइटवर "साहित्य पाठवा" असा फॉर्म आहे, वेबसाइट दुसऱ्या होस्टिंगवर आहे, फॉर्म भरला की तिथून आम्हाला मेल येतो. त्या मेलवर हे येतं: एसपीएफ_सॉफ्टफेल, फोर्ज्ड_जीमेल_आरसीव्हीडी, आणि एमआयएमई_बेस६४_टेक्स्ट १.७. काहींचे तर जंकमध्येही दिसत नाहीत, सरळ नाकारले जातात, विशेषतः याहूवाले. हे काय आहे? आणि फॉर्मच्या मेलना सरळ व्हाइटलिस्ट केलं तर?

---

गौरी_लिनक्स

तुमचा फॉर्म "प्रेषक" म्हणून लेखकाचाच पत्ता टाकतोय. म्हणजे जीमेलचा पत्ता पण मेल निघतोय तुमच्या वेब होस्टिंगच्या आयपीवरून. फिल्टरच्या दृष्टीने ही सरळ तोतयेगिरी आहे आणि त्याचं बरोबर आहे. याहूने तर २०१४ सालापासून डीमार्कमध्ये, म्हणजे डोमेनच्या मालकाने जाहीर केलेल्या नियमात, रिजेक्ट असं लिहून ठेवलंय, आमच्या नावाने दुसरीकडून मेल आला तर नाकारा, आणि तुमच्या सर्व्हरवर डीमार्क तपासणी चालू असेल तर तो ते पाळतो. त्याला दोष देऊ नका.

फॉर्म बदला. प्रेषक तुमच्याच डोमेनवरचा पत्ता, समजा साहित्य@, आणि लेखकाचा पत्ता रिप्लाय-टू मध्ये. एवढ्यावर थांबलात तर मात्र फ्रीमेल_फोर्ज्ड_रिप्लायटू लागेल, प्रेषक एक आणि रिप्लाय-टू मध्ये फुकट मेलचा पत्ता असलं की त्याचे दोनाच्या आसपास गुण बसतात, कारण फसवणारे नेमकं हेच करतात. म्हणून फॉर्मला पीएचपीच्या साध्या मेल फंक्शनने पाठवू देऊ नका, त्याला एक वेगळं खातं द्या आणि ५८७ वर लॉगिन करून तुमच्याच सर्व्हरमधून पाठवायला लावा. लॉगिन करून आलेल्या मेलला स्पॅमअसॅसिन ओळखीचा धरतो, किंवा त्या पोर्टवर मिल्टरच लावू नका. त्या खात्याला ताशी मर्यादा घाला आणि फॉर्मवर कॅप्चा असू दे, नाहीतर बॉट फॉर्ममधूनच स्पॅम घुसवतील आणि तोही इस्त्री केलेला.

बेस६४ चं कारण वेगळं. देवनागरी मजकूर बेस६४ मध्ये, म्हणजे सांकेतिक रूपात, जाणं यात काहीच वावगं नाही, पण फॉर्मच्या कोडमध्ये चार्सेट (अक्षरांची पद्धत) यूटीएफ-८ असं लिहिलेलंच नसणार. मजकूर बेस६४ मध्ये गुंडाळलेला आणि आत काय आहे ते सांगितलेलं नाही, म्हणून नियमाला वाटतं काहीतरी लपवलंय. ती एक ओळ टाका, तो नियम सुटेल. पीएचपीमेलरसारखी लायब्ररी वापरली तर चार्सेट आणि लॉगिन दोन्ही एकदमच होतं.

व्हाइटलिस्ट नको. म्हणजे नुसत्या पत्त्यावरची नको, पत्ता कोणीही लिहू शकतो. तुमच्या नेहमीच्या लेखकांसाठी वेलकमलिस्ट_ऑथ वापरा, स्पॅमअसॅसिन ४ मध्ये व्हाइटलिस्ट_ऑथचं हे नवं नाव आहे. त्यात एसपीएफ (मेल डोमेनच्या मान्य आयपीवरून आलाय का) किंवा डीकेआयएम (डोमेनची डिजिटल सही) पास झालं तरच सूट मिळते.

---

टोरांटोकर

इथल्या मराठी मंडळाचा सर्व्हर मी चालवतो, एक अनुभव जोडतो. आमच्याकडे जुने सभासद अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर मेलमध्ये तसाच चिकटवतात. फाँट नसला की तो चिन्हांची खिचडी दिसतो आणि फिल्टरलाही तसाच दिसतो. त्यावर नियम लिहून काही होत नाही, पण बायेशियनला असे पाचपन्नास मेल हॅम म्हणून दिले की त्या खिचडीतले ठरावीक तुकडे तो ओळखायला लागतो, कारण ते तुकडे स्पॅममध्ये कधी येतच नाहीत. प्रकाशनवाल्यांकडे हा प्रकार आमच्यापेक्षा जास्तच असेल.

शिकवणं रोजच्या रोज चालू राहावं म्हणून डोव्हकॉटमध्ये आयमॅपसीव्ह लावा. कोणी मेल जंकमध्ये ओढला की स्पॅम म्हणून शिकतो, जंकमधून बाहेर काढला की हॅम. फक्त जंकमधून कचऱ्यात टाकलेला मेल हॅम धरला जाणार नाही अशी अट नक्की घाला, नाहीतर जंक साफ करणारा प्रत्येक माणूस फिल्टरला उलटं शिकवत बसतो. आणि ऑफिसात सांगा की कंटाळा आलेलं न्यूजलेटर जंकमध्ये ढकलू नका, अनसबस्क्राइब करा.

---

अभय_नाशिक

मेलमास्तर, डिस्कार्डचा मुद्दा पटला, काढून टाकतो. एक विचारायचं होतं, स्पॅमअसॅसिन सोडून आरस्पॅमडीवर जावं का? सगळे म्हणतात तो वेगवान आहे.

---

मेलमास्तर

वेगवान आहेच, सी मध्ये लिहिलेला आहे, वर ल्युआचे नियम, आणि वेब पॅनेलवर कुठल्या मेलला कशाचे गुण लागले ते छान दिसतं. नवीन सर्व्हर उभारताना मी तोच घेतो. पण प्रेसवाले दादांनी ऐन हंगामात हलवू नये. दोघांच्या गुणांची मोजपट्टी वेगळी, बायेशियन पुन्हा शून्यापासून शिकवावा लागणार आणि तिथेही मूळ सेटिंगमध्ये २०० ची अट आहेच. अंक निघाल्यावर, दिवाळी झाल्यावर, शांतपणे करा. आणि सार्वजनिक रिझॉल्व्हरवरून त्यालाही काळ्या याद्या उत्तर देत नाहीत, तेव्हा अनबाउंड तिथेही लागणारच.

---

प्रेसवाला_कोल्हापूर

फॉर्म बदलून घेतला, लॉगिनने पाठवतोय, याहूवाल्यांचं साहित्य आता व्यवस्थित येतंय. ज्यांचे परत गेले होते त्यांना संपादकांनी स्वतः फोन करून पुन्हा मागवलं. आयमॅपसीव्ह या आठवड्यात लावतो.

शेवटचं एक. आमच्या एका निवृत्त संपादकांचा जुना पत्ता त्यांच्या जीमेलला फॉरवर्ड केलेला आहे. तिथे मधेच मेल पोचत नाहीत, आणि लॉगमध्ये जीमेल आमच्याच आयपीला नावं ठेवताना दिसतं. हे पण याच्याशीच संबंधित आहे का?

---

गौरी_लिनक्स

हो, आणि हे आधी मिटवा. तुमच्या सर्व्हरवर आलेला स्पॅमही त्या फॉरवर्डमधून जीमेलकडे जातोय, आणि जीमेलला दिसतं की तो तुमच्या आयपीवरून आला. इतरांसाठी तुम्हीच स्पॅम पाठवणारे ठरता आणि मग वितरण विभागाचे खरे मेलसुद्धा लोकांच्या जंकमध्ये जायला लागतात. स्पॅम ठरलेला मेल फॉरवर्ड होऊ देऊ नका, सीव्हमध्ये, म्हणजे मेल कुठे जाईल ते ठरवणाऱ्या नियमांत, आधी जंकची अट आणि त्याच्या खाली रिडायरेक्ट. दुसरं, फॉरवर्ड करताना एसपीएफ मोडतो कारण मूळ प्रेषकाच्या डोमेनमध्ये तुमचा आयपी नसतो, त्यासाठी पोस्टएसआरएसडी बसवा, तो लिफाफ्यावरचा प्रेषकाचा पत्ता तुमच्या डोमेनचा करतो. डीकेआयएम मोडू नये म्हणून सब्जेक्टमध्ये "स्पॅम" वगैरे शब्द जोडणारी सेटिंग बंद ठेवा, फक्त हेडर लावा.

सगळ्यात सोपं म्हणजे फॉरवर्ड काढून टाका आणि त्यांच्या फोनमधल्या मेल ॲपमध्ये तुमचा मेलबॉक्स आयमॅपने दुसरं खातं म्हणून जोडून द्या. एकदा कोणीतरी घरी जाऊन करून द्यावं लागेल एवढंच.